कोलकात्यात दोन बर्गी

शुक्रवार

हावडा स्टेशनबाहेर प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीपाशी पोहोचायला बराच वेळ लागला. खिडकीतल्या माणसाने कुठे जायचं ते विचारलं, मी "हाजरा" म्हटलं, त्याने पावती फाडली. काम इथे संपायला हवं होतं. पण आमच्या मागे उभे असलेले गृहस्थ, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, पुढे वाकून म्हणाले, "हाजरा म्हणजे नेमकं कुठे? मोडवर की आत?" मी कागदावरचा पत्ता दाखवला. त्यांनी तो वाचला आणि त्यांच्या मागच्या तरुणाकडे सरकवला. तरुणाचं मत पडलं की टॅक्सीची गरजच नव्हती, आता हावड्याहून मेट्रो झाली आहे. त्यावर शेजारच्या रांगेतली एक बाई तिथूनच म्हणाली, "दोन बॅगा आहेत, सोबत वयस्कर बाई आहे, आणि मेट्रोने जा म्हणता?" पावती माझ्या मुठीत होती, टॅक्सीवाला हात करत होता, पण आम्हाला निघता येईना. आम्ही कसं जावं यावर रांगेचं एकमत व्हायचं होतं.

त्या क्षणी मला वाटलं, काय खोडसाळ लोक आहेत. नंतर कळलं की हे शहर असंच चालतं. इथे रस्ता एकटा माणूस सांगत नाही. एकाने सांगितला की दुसरा तो दुरुस्त करतो, तिसरा दोघांनाही चूक ठरवतो, आणि विचारणारा मधे उभा राहून ऐकतो. एकदा ते समजलं की मजा येते. घाई असेल तर मात्र कोणालाही काही विचारू नये.

ही मजा माझ्याहून लवकर कळली ती ताईंना. ताई म्हणजे माझी थोरली नणंद. नागपुरात महालात वाढलेल्या, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, एका गुडघ्याने कुरकुरणाऱ्या, पण तोंडाने कधीच न दमणाऱ्या. त्यांची हिंदी म्हणजे अस्सल नागपुरी: "अपने को उदर जाना पडता ना बावा, तो किदर से जाने का?" त्या हे असं बोलत, समोरचा बंगालीत उत्तर देई, त्यावर ताई आणखी काही विचारत. दोघांपैकी कोणीही आपली भाषा बदलत नसे आणि कुठे काही अडतही नसे. माझी पुस्तकी हिंदी आणि कामचलाऊ इंग्रजी त्या संवादात मधे घुसली की उलट गोंधळ होई.

टॅक्सी पिवळी अॅम्बेसेडर होती. या गाड्यांचं उत्पादन 2014 मध्येच बंद झालं, आणि पंधरा वर्षं झाली की टॅक्सी इथे रस्त्यावरून काढावी लागायची, त्यामुळे दर महिन्याला त्या कमी होत चालल्या होत्या. चालक बिहारचे, पन्नाशीचे. हावडा पुलावर गाडी मुंगीच्या पावलाने चालली होती तेव्हा ताईंनी त्यांना विचारलं, हा पूल नटबोल्टशिवाय बांधलाय म्हणतात ते खरं का? ते म्हणाले, "मैडम, मैंने तो गाड़ी का नटबोल्ट ही गिना है." (पूल 1943 सालचा, आणि खरंच सगळा रिव्हेटांनी जोडलेला आहे. ते ताईंना माहीत होतं. शिक्षक माहीत असलेलेच प्रश्न विचारतात.) त्यांच्या गाडीचं आयुष्य पुढच्या वर्षी संपणार होतं. मग काय करणार विचारलं तर म्हणाले, गावी जाईन, नाहीतर ॲपवाली गाडी दुसऱ्याच्या मालकीची चालवीन. गावी जाईन हे त्यांनी फारसं मनावर घेऊन म्हटलेलं वाटलं नाही.

शनिवार

सकाळी जतीन दास पार्क स्टेशनवरून मेट्रो घेतली. देशातली पहिली मेट्रो ही. 24 ऑक्टोबर 1984 ला एस्प्लनेड ते भवानीपूर एवढीच धावली होती, आणि ते भवानीपूर आमच्या मुक्कामापासून चालत जाण्याच्या अंतरावर. स्टेशनांचे जिने अरुंद आहेत, छत बसकं आहे. नागपूरची उंच खांबांवरची, काचेची मेट्रो पाहून आलेल्या माणसाला तळघरात शिरल्यासारखं होतं.

डब्यात ज्येष्ठांच्या जागेवर एक मुलगा कानात इअरफोन घालून डोळे मिटून बसला होता. ताई दांडीला धरून उभ्या. मी काही बोलायच्या आत समोरच्या बाकावरून एका बाईंनी छत्रीच्या टोकाने त्याच्या बुटाला टोचलं. त्याने डोळे उघडले. बाईंनी काही न बोलता छत्री ताईंकडे वळवली, मग खिडकीवरच्या पाटीकडे, मग परत त्याच्याकडे. मुलगा ताडकन उठला. ताई बसल्यावर बाईंनी हातातल्या पिशवीतून मासिक काढलं आणि वाचायला लागल्या. आमच्याकडे पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. आभार वगैरे मानायचीही सोय ठेवली नाही.

एस्प्लनेडला वर येऊन ट्रॅम शोधली. 1873 मध्ये घोड्यांनी ओढलेली ट्रॅम इथे सुरू झाली, 1902 मध्ये विजेवर आली. 2024 च्या सप्टेंबरात सरकारने जाहीर केलं की मैदान ते एस्प्लनेड एवढा एक हौशी मार्ग ठेवून बाकी ट्रॅम बंद करणार. आम्ही गेलो त्या पुढच्या जानेवारीत प्रकरण न्यायालयात होतं आणि श्यामबाजारची ट्रॅम अजून सुटत होती. कधी सुटते हे मात्र कोणी सांगेना. "आशबे," म्हणजे येईल, एवढंच उत्तर.

आली. लाकडी बाकं, वर जुने पंखे, पायाने वाजवायची घंटा. कंडक्टर इतके निवांत की तिकीट फाडून आमच्या हातात देण्याआधी आम्ही कुठून आलो ते विचारून झालं. लेनिन सरणीत शिरलो आणि ट्रॅम थांबली. रुळावर कोणीतरी गाडी लावून ठेवली होती. चालक घंटा बडवतोय, गाडीचा मालक मिठाईच्या दुकानात. आणि तेवढ्यात डब्यात वाद पेटला.

खिडकीपाशी बसलेले टोपीवाले आजोबा म्हणाले, बघा, ट्रॅममुळे रस्ता अडतो म्हणतात, इथे कोणी कोणाला अडवलंय? त्यावर मागून एक कार्यालयीन चेहऱ्याचा माणूस म्हणाला, काका, तुम्हाला वेळ आहे म्हणून ट्रॅम आवडते, मला दहाला पोहोचायचंय. "मग ट्रॅममध्ये का बसलास?" त्याला उत्तर देता आलं नाही. तो म्हणाला, लहानपणी वडील घेऊन जायचे म्हणून. यावर आजोबा जिंकल्यासारखे हसले. पण तो माणूसही हट्टी, त्याने पुन्हा मुद्दा काढला की आठवणीसाठी शहर चालवता येत नाही. कॉलेज स्ट्रीट आलं, प्रेसिडेन्सी गेलं, पुस्तकांच्या टपऱ्या दोन्ही बाजूंनी सरकत गेल्या, आणि हे दोघं एकमेकांचं काहीएक न ऐकता बोलत राहिले. मला मात्र त्या दहाच्या माणसाचं म्हणणं जास्त पटलं. ट्रॅम राहावी असं मलाही वाटतं, पण रोज तिच्यावर अवलंबून राहणाऱ्याला वेळापत्रक लागतं, घंटेचा आवाज नव्हे.

श्यामबाजारला पाच रस्ते एकत्र येतात, मधे घोड्यावर नेताजी. इथे यायचं कारण ताईंचं. त्यांना 'मराठा डिच लेन' पाहायची होती.

थोडं मागे जायला हवं. 1742 साली नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालमध्ये शिरल्या. ते घोडेस्वार म्हणजे आपले बारगीर, इथले लोक त्यांना बर्गी म्हणत. गावं लुटली गेली, जाळली गेली. आपल्याकडच्या शाळेत यातला चौथाईचा भाग शिकवतात, जाळपोळीचा फारसा नाही. कलकत्त्याच्या रहिवाशांनी घाबरून कंपनीची परवानगी काढली आणि शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता. तीनेक मैल खणून झाला, तोवर मराठे आलेच नाहीत, आणि पुढे कोणी कुदळ उचलली नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बागबाजारातल्या एका गल्लीत तेवढं नाव उरलं आहे.

ती गल्ली विचारायला एका चहाच्या टपरीपाशी थांबलो. टपरीला लागून एका जुन्या घराचा ओटा, इथे त्याला रक म्हणतात, त्यावर चार-पाच मंडळी वर्तमानपत्र वाटून घेऊन वाचत बसलेली. एकाच्या हातात पहिलं पान, दुसऱ्याकडे खेळाचं. मी गल्लीचं नाव घेतलं मात्र, समिती बसली. एकाने उजवीकडे हात केला, दुसऱ्याने त्याचा हात खाली केला. एक तरुण खिशातून फोन काढायला लागला, तर त्याला तिघांनी मिळून सांगितलं की जन्म इथे गेला आमचा, ते ठेव आत. मग पहिल्या पानवाल्या आजोबांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "पण तुम्हाला ती गल्ली कशाला हवी? तिथे पाहण्यासारखं काही नाही."

ताई म्हणाल्या, "हम नागपूर से आये."

क्षणभर कोणी बोललं नाही. मग आजोबांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि ओरडले, "बर्गी! ओरे, बर्गी एशेछे!"

टपरीवाला हसत हसत बाहेर आला. बंगाली आया लेकरांना निजवताना जी अंगाई म्हणतात तिच्यात बर्गी येतात आणि सारा द्यायचा कुठून ही चिंता येते. त्याने ती चालीवर गुणगुणून दाखवली. चाल गोड आहे. शब्द कळल्यावर मला चहा जरा कडवट लागला. ताईंना तसं काही झालं नाही. आजोबांनी "खाजना निते एशेछेन?" विचारलं, म्हणजे वसुलीला आलात का, तेव्हा त्या तत्परतेने म्हणाल्या, "हौ. 1751 के तह में बारा लाख रुपया साल का ठहरा था. कितने साल का बाकी है, हिसाब करो."

पुढचा अर्धा तास त्या दोघांचा होता. आजोबा बँकेत होते, पण इतिहासाचा नाद. ते म्हणाले, तुमचा भास्कर पंडित, म्हणजे तेच भास्करराम कोल्हटकर. ताई म्हणाल्या, त्याला बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने भेटीला बोलावून दग्याने मारलं, 1744. आजोबा म्हणाले, दगा होता, मान्य. पण त्याआधी तुमच्या लोकांनी वर्धमानपासून काय केलं? ताई थोडा वेळ मातीच्या भांडातल्या चहाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "जलाया. गरीब का घर जलाया." मी त्यांना इतकी वर्षं ओळखते. भोसल्यांबद्दल वाकडा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. आणि तो महालात नाही, बागबाजारात, परक्या ओट्यावर.

चहाचे पैसे आजोबांनी द्यायला लावले नाहीत असं मी लिहिलं असतं तर गोष्ट बरी दिसली असती. झालं उलटंच. मी पाकीट काढल्यावर त्यांनी सगळ्या ओट्याकडे बोट फिरवलं आणि म्हणाले, सगळ्यांचा चहा बर्गींकडून, पहिला हप्ता. ताईंनी दिला. गल्ली शेवटी त्या तरुणानेच फोन बघून दाखवली, कोणाचं लक्ष नसताना. खरंच तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं. एक पाटी, दोन मांजरं, वाळत घातलेल्या साड्या.

रविवार

सांगण्यासारखं थोडं. एका देवळापाशी एका माणसाने आमची चप्पल ओढून घेतली, फुलांची टोपली हातात कोंबली, आणि परतताना दोघींच्या चपलांची सांभाळणावळ म्हणून जे मागितलं त्यात नवी चप्पल आली असती. संध्याकाळी टॅक्सीवाल्यांनी एकामागून एक मान हलवली. काच अर्धी खाली, पत्ता ऐकायचा, "जाबो ना", काच वर. आजूबाजूला माणसं होती, पण या बाबतीत कोणी मत दिलं नाही. मला वाटतं शहराने या एका गोष्टीपुढे हात टेकले आहेत. बसने आलो.

सोमवार

मुद्दाम सकाळी साडेनऊला बसमध्ये चढलो, कारण ताईंना 'खरी गर्दी' बघायची होती. आता बघितली, असं त्या तीन थांब्यांनंतर म्हणाल्या.

खाजगी बसचे कंडक्टर हा अभ्यासाचा विषय आहे. दारात लटकून "धोर्मोतोला, धोर्मोतोला" असं एकाच श्वासात ओरडतात, एस्प्लनेडला कोणी एस्प्लनेड म्हणत नाही. बोटांच्या बेचक्यांत नोटा लांब दुमडून ठेवलेल्या, कोणती नोट कोणत्या बोटात हे न बघता कळतं. बसच्या पत्र्यावर थाप मारली की चालकाला कळतं थांबायचं की निघायचं. बाई चढत असली की "आस्ते लेडीज!" आणि कडेवर मूल असलं की त्याला जोडून "कोले बाच्चा!" ताई चढल्या तेव्हाही कडेवर कोणी नसताना त्याने दोन्ही म्हटलं. बहुधा गुडघ्याकडे पाहून.

आत उभं राहायला जागा नव्हती. बसलेल्या एका मुलीने न विचारता माझी पिशवी ओढून मांडीवर घेतली. तिच्या मांडीवर आधीच तिघांचं सामान होतं, त्यात एक फुलकोबी. तिकिटाचे पैसे हातोहात पुढे जात, सुटे परत हातोहात मागे येत. मी दिलेली पन्नासची नोट माझ्यापासून पाच माणसं दूर गेली, दिसेनाशी झाली, आणि तिकिटासह उरलेले पैसे बरोबर परत आले. मधल्या एकाने मोजून दिले आणि मला म्हणाला, "गुने निन", मोजून घ्या. पाच अनोळखी हातांतून पैसे आले ते ठीक, पण मोजायला हवेत.

मग एक प्रकार झाला. माझ्या पुढे एक कॉलेजची मुलगी दांडीला धरून उभी होती, आणि तिच्या मागचा माणूस बसच्या प्रत्येक धक्क्याचा फायदा घेत होता. मुलगी अंग चोरून पुढे पुढे सरकत होती. पलीकडून एक मावशी, अंगावर नर्सचा गणवेश, मोठ्याने म्हणाल्या, "दादा, शोजा होये दाँड़ान." सरळ उभे राहा. एवढंच. पण सगळी बस वळली. माणूस म्हणाला, गर्दी आहे, मी काय करू? झालं. एक म्हणाला, गर्दी आम्हालाही आहे. दुसरा म्हणाला, उतरा आणि रिकाम्या बसने या. कंडक्टरने पत्र्यावर थाप मारली, थांबा नसताना बस थांबली. तो उतरला. मुलीने मावशींकडे पाहिलं, मावशींनी तिला आपल्या बाजूला ओढून घेतलं आणि बस निघाली.

लगेच दुसरी चर्चा सुरू झाली, की त्याला पोलिसात द्यायला हवा होता की उतरवलं तेवढं पुरे. त्या चर्चेत ती मुलगी सोडून सगळे बोलत होते. मला ते खटकलं. मावशींना बहुधा त्याहून जास्त खटकलं, कारण त्या एकदा "चुप कोरुन तो!" म्हणाल्या आणि सगळे गप्प झाले.

परतताना गडियाहाटहून शेअर ऑटो. ठरलेला मार्ग, मागे तिघं, पुढे चालकाशेजारी एक. आणि इथला सनातन झगडा सुट्ट्यांचा. ताईंकडे शंभराची नोट होती. चालक म्हणाला, खुचरो नाही. ताई म्हणाल्या, धंदा करता तर सुटे ठेवा. तो म्हणाला, शंभर माणसं शंभराची नोट देतात, कुठून आणू? दोघांचंही बरोबर होतं. मग तिसऱ्या सीटवरच्या बाईंनी सूत्रं हातात घेतली. पुढच्या मुलाकडून दहाची नोट घेतली, त्याला स्वतःचे पाच दिले, माझ्याकडचं नाणं घेतलं, चालकाला सगळ्यांचे मिळून एकदम दिले. गणित इतक्या वेगात झालं की मला पत्ताच लागला नाही. निष्पन्न असं, की ताई त्या बाईंचं दोन रुपये देणं लागत होत्या.

आता कोणीही म्हणालं असतं, राहू द्या दोन रुपये. बाई तसं काही म्हणाल्या नाहीत. आमच्याबरोबर उतरल्या, ताईंना कोपऱ्यावरच्या दुकानात घेऊन गेल्या, काड्यापेटी आणि बिस्किटाचा पुडा घ्यायला लावला, नोट मोडली, दोन रुपयांचं नाणं पर्समध्ये टाकलं, "आशी, दीदी" म्हणाल्या आणि निघून गेल्या. ताई त्या बाईंवर इतक्या खूश झाल्या की विचारू नका. "याले म्हणतात व्यवहार," रात्री झोपेपर्यंत तेच.

मंगळवार

पहाटे मल्लिक घाटाच्या फुलबाजारात. हावडा पुलाच्या पायथ्याशी, झेंडूच्या माळा दोरखंडासारख्या खांद्यांवरून वाहणारी माणसं. इथे रस्ता विचारायची सोय नाही, कारण कोणी थांबतच नाही. "शोरे जान! शोरे जान!" म्हणत ते येतात आणि बाजूला झालो नाही तर अंगावरून जातात. एकाने ताईंना खांदा मारला आणि दहा पावलं पुढे जाऊन, डोक्यावर ओझं तसंच, मान न वळवता "लागे नि तो?" विचारलं. लागलं नाही ना. ताईंनीही न पाहता "नाही रे" म्हटलं.

बाबूघाटाहून फेरीने हावड्याला गेलो आणि परत नदीखालून मेट्रोने आलो. हा बोगदा मार्च 2024 मध्ये प्रवाशांसाठी उघडला. हुगळीच्या पात्राखालचा भाग 520 मीटरचा, गाडी तो 45 सेकंदांत पार करते, आणि तेवढ्या भागात भिंतींवर निळे दिवे लावले आहेत, म्हणजे नदीखाली आहोत हे कळावं. हावड्याचं स्टेशन इतकं खोल की सरकत्या जिन्यांवर कंटाळा येतो. दिवे निळे झाले तसे डब्यातले सगळे फोन खिडकीला चिकटले, माझाही. आमच्या बाजूचे एक गृहस्थ वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते. निळं संपलं. त्यांनी पेन न उचलता सांगितलं, "हो गया. गंगा पार." रोज जाणाऱ्याला एवढंच पुरतं. वर बोटीत मात्र रोजचे लोकही नदीकडे तोंड करून उभे होते.

संध्याकाळी कॉलेज स्ट्रीटवर ताईंचा गुडघा बसला. मेट्रो स्टेशन फार लांब नव्हतं, पण त्यांना पाऊल टाकवेना. समोर हातरिक्षा. लहानपणी माथेरानला मी हातरिक्षात बसले होते, तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता माणसाने ओढलेल्या गाडीत बसायचं मनाला येईना. मी घुटमळत राहिले. रिक्षावाले, साठीचे, लुंगी, गळ्यात मफलर, हातातली छोटी घंटा दांडीवर टक टक वाजवत म्हणाले, "सोच लीजिए. लेकिन सोचने का भी टाइम जाता है, मेरा."

भाडं सांगितलं. मी बिनबोभाट हो म्हटलं. तर रस्त्याने जाणारा एक माणूस थांबला आणि रिक्षावाल्यांना म्हणाला, बाहेरच्या बायका बघून जास्त सांगतोस? दुसरा त्याला म्हणाला, तू ओढणार का? ओढ मग कमी पैशात. पहिला मला म्हणाला, तुम्ही लगेच हो म्हणता म्हणून भाव वाढतो. दुसरा म्हणाला, बाई चांगल्या आहेत, तुझ्यासारख्या नाहीत. या सगळ्यात ताई केव्हाच वर चढून बसल्या होत्या.

मी बाजूने चालत गेले. ताईंनी विचारपूस सुरू केली. ते मोतीहारीकडचे. "चंपारण!" ताई म्हणाल्या, "1917, गांधीजी, नीळ!" त्यांना त्यात काही रस वाटला नाही. त्यांना नागपुरात रिक्षाचं भाडं काय पडतं ते हवं होतं. मग त्यांनी सांगितलं की सरकारने 2006 मध्ये हे बंद करायचा कायदा केला, तरी चालू आहे, कारण पावसात गल्ल्यांत गुडघाभर पाणी साचतं तेव्हा बाकी सगळं बंद पडतं आणि डॉक्टरलाही हीच रिक्षा लागते. हे बंद व्हायला हवं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, बंद करा, पण त्याआधी दुसरं काय देता ते सांगा. मग उतार आला आणि ते गप्प झाले, कारण उताराला गाडी अंगावर येते, मागे रेलून धरावी लागते. चढापेक्षा उतार अवघड असतो हे मी तिथे पाहिलं.

बुधवार

दुपारची गीतांजली. बॅगा घेऊन मेट्रोनेच हावडा. शुक्रवारचा तो रांगेतला तरुण बरोबर होता, पण उद्वाहक शोधताना लागलेला वेळ धरला तर ती बाईही चुकीची नव्हती.

आमची गाडी नव्या इमारतीतून सुटते, हे दोन हमालांनी आणि एका पेपरविक्याने एकमुखाने सांगितलं. एकमताची ती एकच वेळ. गीतांजली 1977 सालची. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना ती एकाच वर्गाची गाडी म्हणून सुरू झाली होती, आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आली तीही त्यांच्याच काळात. आता तिला वेगवेगळे वर्ग लागतात. ताईंनी हे समोरच्या कुटुंबाला ऐकवलं. नवरा, बायको, आठवीतली मुलगी, आसनसोलकडची माणसं, ताडोबाला वाघ बघायला निघालेली. नवऱ्याने नम्रपणे विचारलं, "नागपूरला उतरून चंद्रपूरकडे कसं जायचं? रात्री कुठे राहावं?"

त्याने हे विचारायला नको होतं.

ताई म्हणाल्या, स्टेशनसमोरून मेट्रोने सीताबर्डीला जा, तिथे हॉटेलं आहेत. वरच्या बर्थवरून इतवारीचे एक गृहस्थ, आतापर्यंत घोरत होते, उठून बसले. "सीताबर्डी काहून? अजनीला उतरा, तिथून बस." ताई म्हणाल्या, ही गाडी अजनीला थांबत नाही. ते म्हणाले, थांबते. बाजूच्या खणातून एक मुलगा डोकावला, तो म्हणाला, बल्लारशाची गाडी धरा, चंद्रपूरला उतरा, बस कशाला? "बस गणेशपेठेतून सुटते," इतवारीवाले म्हणाले. "ते माहीत आहे, मी महालातली आहे," ताई म्हणाल्या. आसनसोलचे गृहस्थ वही काढून लिहून घेत होते, खोडत होते, पुन्हा लिहीत होते. खरगपूर गेलं. टाटानगर गेलं. त्यांच्या मुलीने मला हळूच विचारलं, "आंटी, ये लोग रिश्तेदार हैं क्या?"

मी नाही म्हटलं. वरून इतवारीवाले म्हणाले, "वहिनी, तुम्हीच सांगा, अजनीला थांबते का नाही?"